माझ्यावर लिहिलेलं नाव

मी बाळंतिणीचं कार्ड बोलतोय. आईचं वजन, रक्त, पुढे लेकराच्या लसी, सगळं माझ्यावर लिहितात. पण मला माझ्याच पहिल्या ओळीचा राग येतो, आणि तो मी आता गिळणार नाही.

हिर्डोशीच्या धोंडाबाईंच्या सुनेला दिवस गेले, तेव्हा सरकारी दवाखान्यात माझा जन्म झाला. नर्सबाईंनी विचारलं, "नाव?" सून शेजारीच उभी होती. तिनं तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "सुलक्षणा. आमच्या गोरखनं तांदळात लिवलंय." लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत. तेच नाव माझ्यावर चढलं आणि लेक झाल्यावर माझ्यावरून तिच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव म्हणून उतरलं.

आधारकार्डावर आणि बँकेत मात्र ती अजून माहेरची, वरवे बुद्रुकची मंगल होती.

पहिल्या बाळंतपणाला सरकार पैसे देतं. बाईनं काही महिने मजुरीला जाऊ नये, पोटभर खावं, लेकराला दूध मिळावं म्हणून. मंगल अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. साहेबांनी एका हातात आधारकार्ड, दुसऱ्या हातात मला धरलं.

"ही सुलक्षणा कोण?"

"मीच की."

"मग मंगल कोण?"

"ती बी मीच."

"असं चालत नाही. प्रतिज्ञापत्र आणा."

ते नेलं, तर लग्नाचा दाखला मागितला. तो कुणी काढलाच नव्हता. हिर्डोशीची एसटी चुकली की दिवस बुडाला. चौथ्या खेपेला साहेब म्हणाले, मुदत संपली.

अहो, लेकरू तिच्याच पदराखाली दूध पीत होतं. बाकावरच्या माणसांना आई दिसत होती, कचेरीला दिसली नाही. पण कचेरीला तरी किती बोल लावू? नाव तर घरानंच आधी काढून घेतलं होतं.

या हेलपाट्यांतच मंगल लावणीच्या मजुरीला गेली. लेक बांधावर छत्रीखाली आणि आई दिवसभर चिखलात. महिनाभरात दूध आटलं.

यंदा धाकट्या दिराचं, सोमनाथचं लग्न झालं. मी खुंटीवरच्या पिशवीतून बघत होतो. धोंडाबाईंनी ताटात तांदूळ पसरले. मंगलनं ताटच उचललं.

"आत्या, तिला तिचं नाव हाय."

"अगं, रीत हाय ती."

"व्हय. त्या रीतीपायी माज्या पोरीचं दूध गेलं."

तिनं तांदूळ पुन्हा डब्यात ओतले. मग मंगल नवरीकडं वळली. "तुजं नाव तूच सांग."

"शेफाली," नवरी म्हणाली.

माझ्यावर आता लसीचे दोनच रकाने उरलेत. ते भरले की मला कुणी विचारणार नाही. पण शेफालीचं कार्ड निघेल तेव्हा, नर्सबाई, सासूकडं बघू नका. तिला विचारा.