वेस्लीच्या बदल्यात

सुनेत्राने बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून वेस्लीच्या उजव्या गुडघ्यावर ठेवली, तेवढ्यात बेल वाजली. दारात परीक्षित होता.

"मावशी, वेस्ली आहे?"

"आहे की. बरा आलास, पोहे टाकतेच आहे."

"नको. पाच मिनिटं बोलतो आणि निघतो."

परीक्षित तिच्या मैत्रिणीचा मुलगा. जन्मला इथेच शॉमबर्गमध्ये, बाराखडी शिकला सुनेत्राच्या मराठी शाळेत, आणि तिशी ओलांडताच एका छोट्या बेसबॉल टीमचा जनरल मॅनेजर झाला; कुठला खेळाडू घ्यायचा, कुठला द्यायचा, हे तोच ठरवायचा. अशा टीममध्ये पगार बेताचा, म्हणून सीझनपुरती खेळाडूंची सोय आसपासची कुटुंबं आपल्या घरात करतात. चार वर्षांपूर्वी परीक्षितच्याच शब्दाखातर सुनेत्रा आणि तिच्या नवऱ्याने, अरुणने, खालची खोली वेस्लीला दिली होती. वेस्ली कॅचर, पिचरने फेकलेला प्रत्येक चेंडू उकिडवं बसून झेलायचा, म्हणून गुडघ्यांची ही दशा. चौतिशीचा, धिप्पाड, टेक्ससचा. घरी येणारी मुलं 'काकू' म्हणतात हे ऐकून त्याला ते तिचं नावच वाटलं होतं. खरं कळल्यावरही त्याने बदललं नाही.

दोघं घरामागच्या लाकडी डेकवर गेले. सुनेत्रा कांदा चिरताना खिडकीतून बघत होती. परीक्षित हातवारे करत बोलत होता, वेस्ली मान खाली घालून ऐकत होता. शेवटी वेस्लीनेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लंगडत खाली खोलीत गेला.

"काय झालं?"

"ट्रेड केलं त्याला." परीक्षितने चष्मा काढून शर्टाला पुसला. "टेक्ससच्या टीमला. ते दोन पिचर देतायत. बावीस-बावीसचे."

"अरे, पण यंदा आपण जिंकतोय! तीन वर्षं तळाला होतो. आता कुठे प्लेऑफ दिसायला लागलाय, आणि तू कॅचरच देऊन टाकतोस?"

"धिस इयर, मेबी. पण नेक्स्ट इयर? टीम रीबिल्ड करायची तर यंग पिचर्स लागतात, मावशी."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. तो नाही म्हणाला असता तर कॅन्सल केलं असतं."

"तो कुणाला कधी नाही म्हणतो?"

परीक्षितने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सुनेत्राने पोह्यांची कढई पुढे ओढली, पण त्याला पुन्हा थांब म्हटलं नाही. तिच्या घरून तो उपाशी गेला, असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी वेस्ली बॅग भरत होता. सुनेत्रा दाराशी उभी राहिली.

"तुला राग नाही आला?"

"आला, काकू. बारा वर्षं खेळतोय, एकदाही फायनल खेळलो नाही. यंदा वाटलं होतं." त्याने घडी घातलेला शर्ट उलगडून त्याची पुन्हा घडी घातली. "पण आधी मला पाच वेळा ट्रेड केलंय. सगळे फोनवर बोलले. परीक्षित घरी आला."

"आणि रूबी?"

रूबी त्याची सात वर्षांची मुलगी, आईजवळ टेक्ससमध्ये असायची. उन्हाळाभर तो तिला फोनच्या स्क्रीनवरच बघायचा.

"नवीन ग्राउंडपासून एका तासावर." पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "नशीब बघा ना! कुठेही पाठवता आलं असतं मला."

दोन नव्या पिचरांपैकी कोल नावाच्या एकाला जागा हवी होती. सुनेत्राने आधी नकारच दिला. पण पोरगा मोटेलमध्ये राहतोय असं अरुणने सांगितल्यावर तिने खोलीची चादर बदलली. कोलला ती वेळेवर जेवायला वाढायची, हवं-नको विचारायची, त्यापलीकडे बोलायची नाही.

टीम हरू लागली. नव्या कॅचरच्या हातून चेंडू सुटायचे, कोलला तर दोन-दोन इनिंगमध्ये बाहेर काढावं लागायचं. अशाच एका हरलेल्या मॅचनंतरच्या सकाळी तो ताटलीतले पोहे चिवडत बसला होता.

"मला अजून कळत नाही, यांनी आम्हाला का घेतलं," तो म्हणाला. "वेस्लीसाठी कॅन्ससची टीम त्यांचा सगळ्यात चांगला लेफ्टी, डावखुरा पिचर, द्यायला तयार होती. आमच्या टेक्ससच्या कोचनेच सांगितलं. तो लेफ्टी पुढच्या वर्षी कुठल्या कुठे पोचेल. आणि आम्ही दोघं... ठीकठाक आहोत."

सुनेत्राचा हात थांबला.

"ती कॅन्ससची टीम टेक्ससच्या जवळ आहे?"

"नाही, खूप वर. नेब्रास्काच्या बॉर्डरला."

तिने गॅस बंद केला. मग कोलच्या ताटलीत आणखी पोहे वाढले, वर खोबरं पेरलं.

"खा," ती म्हणाली. "ठीकठाक म्हणे! बावीस वर्षांचा आहेस तू."

रविवारी दुपारच्या मॅचला प्लेऑफची आशा उरली नव्हती. निम्मी स्टँड्स रिकामी होती. परीक्षित पहिल्या बेसच्या बाजूला एकटाच बसला होता. आजूबाजूच्या खुर्च्यांवर कुणी नव्हतं. मागून कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं, वेस्लीला परत आण म्हणून. तो वळला नाही.

सुनेत्रा पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, तुझी सीट तिकडे आहे ना?"

"आहे. हे बघ, वेस्लीने काय पाठवलंय."

फोनवर वेस्ली होता, गणवेश मातीने माखलेला. त्याच्या खांद्यावर समोरचे दात पडलेली मुलगी बसली होती, दोन्ही हातांनी त्याचे कान धरून.

परीक्षितने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला.

"कान सेम आहेत दोघांचे," तो हळूच म्हणाला.

"परीक्षित, तो कॅन्ससचा लेफ्टी..."

त्याने फोन परत दिला आणि मैदानाकडे बघू लागला. कोल चेंडू घेऊन मधल्या उंचवट्यावर चढत होता.

"कोल चांगला होईल, मावशी," तो म्हणाला. "टाइम लागेल."

"लागू दे."

मागचा माणूस पुन्हा ओरडला, या वेळी आणखी मोठ्याने. पलीकडच्या स्टँडमधून अरुण तिला हातानेच बोलावत होता, आपल्या जागा इकडे आहेत म्हणून. सुनेत्रा उठून उभी राहिली आणि तिने त्यालाच खूण केली, की तूच इकडे ये.