पिळलेलं फडकं आणि घटाची परात

मित्रांनो, मी एक जुनी जमीन आहे. शेताची नव्हे, घरातली. नाशिकला सातपूर भागात दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मी अंथरलेली आहे. लोक मला लाकडी फ्लोअरिंग म्हणतात. खरं सांगायचं तर मी अस्सल लाकूड नाही. लाकडाचा भुसा दाबून माझ्या पट्ट्या केल्या आणि त्यावर सागवानासारख्या रेषांचा पातळ थर चढवला. एका पट्टीची कड दुसरीच्या खाचेत बसते. अशा आम्ही एकमेकींना धरून आहोत.

मला इथे रविराजने आणलं. तो कारखान्यात पाळीवर जातो. थंडीत इथली गुळगुळीत फरशी इतकी गार पडायची, की त्याच्या आईचे, मालनबाईंचे गुडघे धरायचे. त्या देवळ्याजवळच्या गावातून इथे राहायला आल्या होत्या आणि भाजी जमिनीवर बसूनच निवडायच्या. म्हणून रविराज आणि त्याची बायको उज्वला यांनी मला घातलं. मालनबाईंना मात्र कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

शेजारच्या कुसाबाई चपला जिन्यातच काढून आत आल्या.

"बाई बाई, मालनबाई! हिच्यावर चालायचं, का नुसतं बघायचं?"

"बसा हो. पाटावर बसल्यावाणी वाटतं," मालनबाई म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी आपल्याकडे घर धुऊन काढतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मालनबाईंनी जन्मभर तेच केलेलं. घरात कुणी नसताना त्यांनी पदर खोचला आणि बादलीभर पाणी माझ्यावर ओतलं. खराट्याने घासलं. पुन्हा ओतलं. त्यांचा हात मायेचाच होता. पण पाणी माझ्या सांध्यांतून खाली उतरलं आणि मी फुगत गेले. मला ओरडता येत नाही.

संध्याकाळी वर आलेल्या कडेला रविराजचा पाय अडखळला.

"आई, हे काय करून ठेवलं?" तो एवढंच बोलला, पण मोठ्याने बोलला.

सकाळी, घट बसायच्या दिवशीच, मालनबाईंनी आपली पिशवी भरली.

"मी गावाला जाते. इथं हात लावीन ते नासतंय."

त्या गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या. त्यांच्या पावलांवरूनच मला ते कळलं.

उज्वला माझ्या फुगलेल्या पट्ट्यांवरच मांडी घालून बसली. सासूला ती आत्या म्हणते.

"आत्या, घट कोण बसवणार? माती किती घ्यायची तेही मला येत नाही."

"शिक की. तुझं घर हाय."

"आणि ही जमीन कुणासाठी घातली? तुमच्या गुडघ्यांसाठी! तुम्हीच निघालात, मग हिच्यावर मी काय फुगडी घालू?"

मालनबाई थांबल्या.

"आधी का नाय सांगितलं, गधडे?"

"सांगितलं असतं तर घालू दिली असती?"

"नसतीच दिली," म्हणून त्या हसल्या.

रविराजने पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. "मी ओरडायला नको होतं, आई."

"वरडलास तर वरडलास. आता बिनपाण्यानं घर कसं धुवायचं ते सांग. देवी यायचीय."

उज्वलाने फडकं भिजवून पिळलं. ते ठिबकत होतं.

"याला पिळणं म्हणत्यात? दे इकडं!"

कांद्याच्या वावरात राबलेले ते हात. त्यांनी असा पीळ दिला, की फडक्यातून थेंब पडेना. मालनबाईंनी मला कोपऱ्याकोपऱ्यातून पुसलं. "फडकं धुतलं, फडक्यानं घर धुतलं. देवीला कळतंय तेवढं," त्या म्हणाल्या.

घटाच्या मातीला रोज पाणी घालावं लागतं आणि ते झिरपतं. म्हणून त्यांनी घट मोठ्या पितळी परातीत बसवला. घट हलवत नाहीत, त्यामुळे गोटीराम सुतार दसरा झाल्यावरच आला. फुगलेली पट्टी पुन्हा सपाट होत नाही. त्याने तशा पट्ट्या काढल्या आणि मला घालताना उरलेल्या, माळ्यावर ठेवलेल्या पट्ट्या बसवल्या. त्या जरा उजळ दिसतात. मालनबाई त्यांना नव्या सुना म्हणतात.

आता माझं बरं चाललं आहे. मालनबाईंनी जुनी घोंगडी कापून खुर्च्यांच्या पायांना तुकडे चिकटवले, त्यामुळे मला ओरखडे पडत नाहीत. दारात जाड पायपुसणं आहे. पायाला वाळू घेऊन कुणी आत आलं की मालनबाई कुसाबाईंनासुद्धा सोडत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर फडकं घट्ट पिळून घ्या. सांडलेलं पाणी लगेच टिपा. आणि घरात कुणासाठी मायेने काही केलंत, तर ते त्या माणसाला सांगा. न सांगितलेली मायासुद्धा कधी कधी पायात येते.

यंदाही परातीत घट बसला आहे. आज सकाळी मालनबाई माझ्यावर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी कोंबांना पाणी घातलं. एक थेंब परातीबाहेर उडाला. तो मला लागायच्या आत त्यांनी पदराने टिपून घेतला.