ओस्मुंडचं छप्पर

त्या प्रोफेसर लेरवोगला शिव्या घालायला मी कधीही तयार आहे, पण आधी त्याचे आभार मानते. खोटं कशाला बोलू? बायको निघून गेल्यावर माझा मुलगा ओस्मुंड माझ्याकडे आला आणि माळ्यावर जो आडवा झाला, तो दोन हिवाळे उठलाच नाही. डॉक्टर झाले, इस्पितळ झालं, गोळ्या झाल्या, पाद्रीबाबा येऊन गेले. मी रडले, ओरडले, एकदा तर त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून खिडकीबाहेर फेकलं. तो आपला भिंतीकडे तोंड करून पडलेला.

मग कुठून तरी त्याच्या कानात हा लेरवोग शिरला. मानसशास्त्राचा प्रोफेसर, विद्यापीठाने हाकललेला. अर्धा देश त्याला डोक्यावर घेऊन नाचतो आणि अर्धा त्याच्या नावाने बोटं मोडतो. ओस्मुंडच्या मोबाइलवर दिवसभर त्याची भाषणं चालायची, मला खाली जिन्यापर्यंत ऐकू यायची. 'तुझ्या आयुष्यात जे मोडलंय ते तूच मोडलंस असं धरून चाल. आणि तूच ते नीट कर. कुणी येईल म्हणून वाट बघू नकोस.' मला वाटलं, काय मेला कोरड्या काळजाचा माणूस आहे. पण एका सकाळी ओस्मुंड दाढी करून खाली आला आणि म्हणाला, "आई, फावडं कुठंय?" त्याने दारातला सगळा बर्फ काढला. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून पोटभर रडून घेतलं.

पुढे तो सॅमनच्या मत्स्यशेतीत कामाला लागला. खाडीपलीकडचं एक जुनं लाकडी घरही घेतलं. रोज पहाटे उठायचं, अंथरूण घडी करायचं, कुणाकडे काही मागायचं नाही. मीठसुद्धा नाही.

माझी लेक सोलफ्रिड बूदो शहरातल्या इस्पितळात नर्स आहे, मनोरुग्णांच्या वॉर्डात. लेरवोगचं नाव काढलं की तिचं डोकं फिरतं. "आई, तो माणूस आजारी लोकांना सांगतो की तुमचं दुखणं ही तुमचीच चूक," ती फोनवर म्हणायची. "त्याचं ऐकून ऐकून खचलेली पोरं शेवटी आमच्याकडे येतात."

"तुमच्याकडे तुझा भाऊपण येऊन गेला की गं," मी म्हणायची. "तुम्ही उठवलंत का त्याला? या माणसाने उठवला."

"उठवला. पण पडल्यावर दुसऱ्याचा हात धरायचा असतो, हे कुठं शिकवलंय त्याने?"

यावर मी फोन ठेवून द्यायची. मला वाटायचं, शिकली म्हणून जास्त बोलते.

जानेवारीत वादळ झालं आणि ओस्मुंडच्या घराचे अर्धे पत्रे उडाले. आमच्या गावात अशा वेळी कुणाला बोलवावं लागत नाही. वारा पडला की माणसं शिड्या आणि हातोड्या घेऊन आपणहून दारात येतात. घरच्यांनी फक्त कॉफी ठेवायची आणि वाफल्स करायचे. आभारसुद्धा कुणी मानत नाही, उद्या आपणच त्यांच्या छपरावर चढणार असतो. याला दुग्नाद म्हणतात आणि आजवर त्याला कुणी नको म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

माझा शेजारी गुनवाल्ड माणसं घेऊन पुढे निघाला, मी वाफल्सचं पीठ घेऊन मागून. ओस्मुंड दारातच उभा होता.

"काका, तुम्ही आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "पण हे माझं मी करीन."

"अर्धं छप्पर?" गुनवाल्ड म्हणाला. "एकटा? पंख फुटलेत का तुला?"

"पत्रे सैल झालेत हे मला उन्हाळ्यातच दिसलं होतं. मी चालढकल केली. माझ्या आळसाची भरपाई तुम्ही का करायची?"

शिड्या खांद्यावर, कुणी कुणाकडे बघेना. गुनवाल्डचा चेहरा पार उतरला. "त्या तुझ्या प्रोफेसरला एकदा वादळात बोटीवर पाठव आमच्याबरोबर," एवढंच तो म्हणाला आणि वळला. मी पिठाचं भांडं हातात धरून तिथंच उभी राहिले. आपल्या पोटच्या पोराने अख्ख्या गावाला दारातून परत पाठवावं, आणि आपण बघत राहावं!

आमच्याकडे एकदा परतवलेली माणसं पुन्हा येत नाहीत. यावीत असं वाटत असेल, तर ज्याचं घर त्यानेच तोंड उघडायचं. आणि हा तर मीठसुद्धा न मागणारा.

तो कामावरून आला की डोक्याला दिवा बांधून छपरावर चढायचा. आमच्याकडे तेव्हा दुपारीच काळोख होतो. माझ्या खिडकीतून खाडीपलीकडे तो एवढासा उजेड हलताना दिसायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. ताडपत्री बांधायची, वाऱ्याने ती फाडायची, पुन्हा बांधायची. मी मासळीचं सूप घेऊन गेले तर घरात बादल्या मांडलेल्या, गादी ओली, त्याच्या बोटांना भेगा. आणि दाढी वाढलेली. त्या दाढीने मी घाबरले. माळ्यावरची ती नजर हळूहळू परत येत होती.

"गुनवाल्डला एक शब्द सांग ना रे," मी म्हटलं. "नुसतं 'या' म्हण."

"माझ्या चुकीसाठी त्यांनी थंडीत कुडकुडायचं?"

"घरी बसून कंटाळलाय तो. कुडकुडू दे."

तो हसेल असं वाटलं होतं, पण नाही हसला. "आई, हे एवढं मला जमलं नाही, तर मग मला काहीच जमत नाही," तो म्हणाला. "समजून घे."

मी काय समजून घेणार, कपाळ! तशीच उठले आणि गुनवाल्डकडे गेले. त्याला सांगितलं, "ओस्मुंडने बोलावलंय. चुकलो म्हणाला. स्वतः यायला लाजतोय."

गुनवाल्डने पुढचं ऐकूनही घेतलं नाही, बूट चढवायला लागला.

शनिवारी सगळे हजर. मी आधीच जाऊन कॉफी ठेवली होती. गुनवाल्डने ओस्मुंडच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हणाला, "बोलावलंस ते बरं केलंस, गाढवा. म्हणायला एवढे दिवस लागले?"

ओस्मुंडने माझ्याकडे बघितलं. मी वाफल्सच्या तव्याकडे बघत राहिले. तो नाही म्हणाला असता, तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि ते त्यालाही कळत होतं.

"हो काका," तो म्हणाला. "मीच बोलावलं."

दिवसभर ठोकाठोक चालली. थट्टा, वाफल्सवर जाम, पोरींचे विषय. ओस्मुंड खालून पत्रे देत होता. निघताना त्याने प्रत्येकाचा हात हातात घेऊन आभार मानले, तेव्हा गुनवाल्ड म्हणाला, "गप रे, कुणी मेलंय का?" सगळे हसले. मीही हसले. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

दार लागल्यावर ओस्मुंड खुर्चीत बसला. "आई, तू खोटं बोललीस. मग मलाही बोलायला लावलंस."

"छप्पर झालं ना?"

"झालं. मी नाही केलं."

"अरे, कुणाचं छप्पर कोण एकट्याने करतं?"

"माझ्याकडे तेवढंच होतं, आई," तो म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. कप फेकला असता, दोन शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी मत्स्यशेतीतून मला फोन आला की तो कामावर आलेला नाही. मी धावत गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

सोलफ्रिड फेरीबोटीने आली. उशाशी बसून त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणत राहिली, "तुझी काही चूक नाही रे." तो हलला नाही. ती चहा करायला गेली, तेव्हा मी काय करावं? माझ्या मोबाइलवर त्या लेरवोगचं भाषण शोधून काढलं आणि पोराच्या कानाशी धरलं. मनात म्हटलं, बाबा, तू पूर्वी उठवलंस, आता एकदा उठव. तुला हवं तर मीच मोडलं म्हण.

ओस्मुंडने डोळे न उघडता हात लांबवून आवाज बंद केला. "ते बरोबरच सांगतात, आई," तो म्हणाला. "मलाच नाही जमत."

सोलफ्रिड कप घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर येणार. तिने नुसता कप खाली ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

काल दुकानात गुनवाल्ड भेटला. खुशीत होता. "काय बोर्गहिल्ड," म्हणाला, "परवाच्या पावसात कुठं गळलं-बिळलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "एक थेंबही नाही."