मर रोगाचे दाणे

टोमॅटोची रोपं सगळ्याच ट्रेमध्ये आडवी झाली होती. देठ मातीलगत पिचलेले, पानं अजून हिरवी. अर्ध्या ट्रेच्या मातीत मर रोगाची बुरशी चढवलेले ज्वारीचे दाणे मुद्दाम कालवले होते, ती रोपं मरायलाच हवी होती. बाकीच्या ट्रेमध्ये सीमंतिनीने नुसते उकडलेले, बिनबुरशीचे दाणे ठेवले होते. तीही मेली, म्हणजे प्रयोग बाद.

जंतू मारायला तापवलेली माती नीट तापली नसेल, असं समजून तिने पुन्हा मांडणी केली. ज्वारी भिजवली, उकडली, बाटल्यांत भरून जंतुमुक्त केली, एकेका बाटलीत बुरशीचा तुकडा सोडला. दाण्यांवर तपकिरी जाळं चढल्यावर तिचे मार्गदर्शक मधुसूदन सर नेहमीसारखे स्वतः माती कालवायला बसले. रोगाचे ट्रे झाले, आणि त्याच हातांनी ते पलीकडच्या बिनबुरशीच्या ट्रेकडे वळले.

"सर, त्यात नाही!"

"कशात?" सरांनी ओंजळीतल्या दाण्यांकडे पाहिलं. "हे काय आहे ग?"

ही बुरशी ओळखायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. तोवर पलीकडच्या ट्रेमध्येही दाणे पडले होते.

विभागप्रमुख दौलतसिंह चिडलेच. "दो बार फेल! किसकी गलती है?"

"मेरी, सर," ती म्हणाली.

"इतकं शिकवून हे?" मधुसूदन सर तिच्यावरच रागावले. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.

संध्याकाळी ती सिटी सेंटर भागातल्या त्यांच्या घरी गेली. सर फिरायला गेले होते. त्यांच्या पत्नी शालिनीताईंनी सगळं ऐकून घेतलं, आश्चर्य काही दाखवलं नाही.

"मागे सराफा बाजारातून घरी यायचा रस्ता सापडेना त्यांना. दुकानदाराने फोन केला." त्यांनी पदराने डोळे टिपले. "निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. कोणाला बोलू नकोस, बेटा. कॉलेज सुटलं तर हे काय करतील दिवसभर?"

सीमंतिनीला नाही म्हणवेना.

तिसऱ्या वेळी ती सकाळी लवकर आली आणि सर यायच्या आत एकटीनेच सगळे ट्रे भरून टाकले. हात धुऊन वळली, तर सर दारात उभे. बाह्या आधीच दुमडलेल्या.

"मला न विचारता?"

"सर, उशीर होत होता म्हणून…"

"खोटं बोलू नकोस." त्यांनी बाह्या खाली केल्या, बटण काही केल्या लागेना. "मला आता हातही लावू देणार नाहीस?"

ती पुढे झाली, पण त्यांनी मनगट मागे ओढून घेतलं आणि व्हरांड्यात गेले. कुठल्या खोलीत शिरावं ते कळेना, तसे तिथेच उभे राहिले.