खर्जाच्या पेटीची जबानी

मी खर्जाची पेटी बोलतेय. पावतीवर माझं नाव बास सिंथेसायझर असं होतं, पण दुसरबीडला एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड आहे? अठरा पट्ट्या, नऊ बटणं, पुढे लोखंडी पत्रा आणि पोटात विजेवर चालणारा घोगरा आवाज, एवढाच माझा पसारा. माझ्या अंगावर एक माणूस गेलाय. तो कसा गेला हे अंबूबाईला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तिचं कुणी ऐकत नाही, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

मला मुंबईला माहीममध्ये एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने परदेशी यंत्र बघून बघून घरीच बनवलं. माणूस नेटका होता. त्याने मला तीन तारांची वायर जोडली. दोन तारा वीज आणायला-न्यायला, आणि तिसरी हिरवी, अंगात कुठे वीज गळालीच तर तिला मुकाट्याने जमिनीत सोडायला. हिरव्या तारेचं काम डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे लोकांना ती फालतू वाटते.

माझ्या पहिल्या मालकालाही तसंच वाटलं. त्याच्या ऑर्केस्ट्रात मी वाजायला लागले की स्पीकरमधून बारीक घुंई यायची. ही तार तोड, घुंई जाईल, असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने पक्कड आणली आणि तोडली. घुंई खरंच गेली. पुढे चार वर्षं मी गाड्यांच्या टपांवर उन्हातान्हात फिरले आणि माझ्या ट्रान्सफॉर्मरवरचं आवरण एका जागी करपलं. तिथून वीज थेंबाथेंबाने पत्र्यात उतरू लागली. मालकाला एकदा चटका बसला, त्याच आठवड्यात त्याने मला विकून टाकलं. का विकतोय, ते मात्र सांगितलं नाही.

अशी मी बुलढाण्याला आले, कोर्टाच्या रस्त्यावरच्या एका दुकानात. एकोणऐंशीची लग्नसराई तोंडावर होती. दुसरबीडचा हिंमतराव आपल्या भाच्याला, शालिग्रामला घेऊन तिथे आला. हिंमतरावाचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा, जोडीला खडकपूर्णा ऑर्केस्ट्रा. तो गायचा, भाचा साधी बाजाची पेटी वाजवायचा. मेहकरच्या पार्टीने खर्जाचं वाद्य आणल्यापासून यांच्या सुपाऱ्या कमी झाल्या होत्या. तुमचं चांगलं वाजते, पण पोटात लागत नाही, असं लोक तोंडावर सांगायचे.

दुकानात तीन वाद्यं होती. एक चार तारांची बास गिटार. तिच्यावर यांची बोटं बसायला दोन वर्षं गेली असती. दुसरं कोरं परदेशी यंत्र, त्याचा भाव ऐकून हिंमतरावाने काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. तिसरी मी. हिंमतराव व्यवहाराचा पक्का. आवाज किती लांब जातो, एस.टी.च्या टपावर मावते का, जनरेटरवर चालते का, उचलायला किती माणसं लागतात, सगळं त्याने खोदून खोदून विचारलं. वायर कुठवर शाबूत आहे हे काही त्याला विचारावंसं वाटलं नाही. दुकानदार मला दाखवताना लाकडी पाटावर उभा होता, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शालिग्रामने चपला दुकानाबाहेर काढल्या होत्या. त्याने माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि दचकून मागे घेतला.

"मामा, अंगात मुंग्या आल्या मले."

दुकानदार हसून म्हणाला, जिवंत मशीन आहे, असं तर होणारच. शालिग्राम भाबडा होता. त्याने तो शब्द मनाला लावून घेतला. गावी पोचेपर्यंत जिवंतचं जागृत झालं होतं.

शालिग्राम आईसकट मामाच्याच घरी राहायचा. त्याच्या आईने, गोजरबाईने, मला ओवाळलं, माझ्यावर कुंकू लावलं. जागृत वस्तूला चपला घालून शिवायचं नाही, असं घरात ठरलं. कार्यक्रमाला मला मांडलं की शालिग्राम चपला काढायचा, दोन्ही हात माझ्या पत्र्यावर ठेवून कपाळ टेकवायचा, मग वाजवायला बसायचा. माणसालाही इतका मान देताना मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय, आणि प्रत्येक नमस्काराला माझा जीव खालीवर व्हायचा. त्याच्या पायाखाली लाकडी तखत असे, तेवढ्यावर तो वाचत होता. लोक खूश होते. सुपाऱ्या परत येऊ लागल्या.

अंबूबाई शालिग्रामची बायको. एका सकाळी शालिग्राम सराव करता करता मला चालूच ठेवून बाहेर गेला आणि ती घर सारवायला आली. शेणाच्या ओल्या हाताने तिने माझा पत्रा पुसला, तशी भिंतीपर्यंत फेकली गेली. तिच्या माहेरी विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून म्हैस मेली होती, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. उठल्या उठल्या तिने मला सरळ ओळखलं. इतक्या दिवसांत तेवढंच एक माणूस भेटलं, ज्याने मला ओळखलं.

तिने सगळ्यांना सांगितलं की हा करंट आहे, पेटी मेकॅनिककडे न्या. गोजरबाईने तिला फक्त एवढंच विचारलं, की आज कितवा दिवस. अंबूबाई पाचव्या दिवशी न्हाली होती. गोजरबाईच्या हिशेबाने तो चौथाच होता. झालं, विटाळ झाला, म्हणून पेटीने फेकून दिलं. हिंमतरावालाही ते पटलं. भर लग्नसराईत मेकॅनिककडे चार दिवस पेटी कोण ठेवणार? बाईच्या माथी दोष मारला की काम लवकर मिटतं.

अंबूबाई गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने मला चादरीत बांधलं आणि डोक्यावर घेऊन देऊळगावराजाच्या एस.टी.साठी निघाली. दारातच हिंमतरावाने तिला अडवलं. तिच्या डोक्यावरून मला ओढून घेतलं आणि पुन्हा हात लावशील तर या घरात राहू नको, असं बजावलं. शालिग्राम तिथेच उभा होता. त्याचा मला आजही राग येतो, आणि कीवही येते.

त्यानंतर आठवड्याने सुलतानपूरला हळदीचा कार्यक्रम होता. निघताना अंबूबाई त्याला अंगणात गाठून म्हणाली, "माह्या गळ्याची आन हाय. चपला काढू नका."

"देवीपुढं चपला घालून बसू काय वं?"

"ते देवी नाही. तुमी फक्त हाव म्हना."

तो हाव म्हणाला. तिला सोबत येऊ दिलं नव्हतं.

सुलतानपूरला दुपारी पोचलो. तखत दुसऱ्या मांडवात गेलं होतं, म्हणून मला जमिनीवरच टेबलावर मांडलं. धूळ बसावी म्हणून बायांनी नुकताच पाण्याचा सडा मारला होता. मला ती ओल दिसत होती. वाटेत हादरे बसून माझं करपलेलं आवरण पुरतं सुटलं होतं, तेही मला कळत होतं. पण पट्टी दाबल्याशिवाय मला आवाज नाही.

शालिग्राम माझ्यासमोर आला तेव्हा त्याच्या पायांत चपला होत्या. तो क्षणभर तसाच उभा राहिला. हिंमतरावाने त्याच्या पायांकडे पाहिलं. मांडवात दोनशे माणसं बसली होती. शालिग्रामने चपला काढल्या, ओल्या मातीत उभा राहिला आणि दोन्ही हात माझ्या पत्र्यावर ठेवले.

हात सुटले नाहीत. तो थरथरू लागला. कुणीतरी म्हणालं, अंगात आलं. एका बाईने कुंकवाचा करंडा मागवला. लोकांनी हात जोडले. तो माझ्यावर मरत होता आणि समोर दोनशे माणसं हात जोडून बसली होती. जळका वास आला तेव्हा कुठे एकाने जनरेटर बंद केला.

आता मी हिंमतरावाच्या घरी कोनाड्यात आहे, लाल कापडात. पेटी कोपली, कारण सुनेने विटाळ केला होता, असं गावोगाव सांगतात. दिवस घालून झाल्यावर गोजरबाईने अंबूबाईला माहेरी पाठवून दिलं. तिकडच्या बायाही तिला हळदीकुंकवाला तर नाहीच, पण साध्या पाण्याच्या घोटालाही बोलवत नाहीत. माझी वायर अजून तशीच आहे. मला उघडून कुणी बघितलं नाही, कोप झालेल्या वस्तूला कोण उघडणार? आणि काल हिंमतराव सांगत होता, किनगावराजाचा एक वाजवणारा मिळालाय, गुरुवारी येतोय. भला माणूस दिसतो म्हणे. चपला कुठे काढायच्या, एवढंच त्याने विचारलं.

गुरुवारच्या आत हे कुणी वाचत असेल, तर त्याला अडवा. आणि अंबूबाईच्या माहेरच्या गावी गेलात तर तिच्या घरचं पाणी मागून प्या. तिने मला हात लावला म्हणून शालिग्राम गेला नाही. तिच्या डोक्यावरून मला उतरवलं, म्हणून गेला.