राहिलेली डावी बाजू

क्लातेन शहराजवळच्या एका गावात पोनियाच्या हाताला मोठा मान होता. कुणाच्या अंगात वारं शिरलं, डोकं धरलं, मळमळलं, की माणसं पाठ उघडी टाकून तिच्यापुढे बसायची. ती तेल लावून जुन्या नाण्याच्या कडेनं पाठ घासायची. लाल वळ उठले की वारं निघालं. त्यामुळे सकाळी एक्क्याण्णव वर्षांच्या आईनं "डोकं फुटतंय गं" म्हणत खाल्लेली पेज ओकली, तेव्हा पोनियानं आधी नाणंच शोधलं. आईचा रक्तदाब, बरं वाटतंय म्हणून महिनाभर बंद केलेल्या गोळ्या, यातलं काही तिच्या डोक्यातच आलं नाही.

"हळू! कातडं सोलतेस की काय?" उजव्या बाजूला नाणं लागताच म्हातारी कळवळली.

"नव्वदी उलटली तरी नखरे संपत नाहीत तुझे. गप्प बस."

डाव्या बाजूला मात्र म्हातारी शहाण्यासारखी बसली, हूं की चूं केलं नाही. वळही गर्द उठले. पोनिया स्वतःवरच खूश झाली आणि नाणं कमरेला नेसलेल्या सारोंगला पुसू लागली.

"पुसतेस काय? डावी बाजू राहिली ना," आई म्हणाली. तिची जीभ जडावली होती.

"आत्ता तर केली!"

"थापा मारू नकोस. हातसुद्धा लावला नाहीस तू."

पोनियानं आईच्या डाव्या दंडाला करकचून चिमटा काढला. म्हातारी अंगणातल्या कोंबड्या बघत राहिली.

पुतण्याच्या गाडीनं शहरातलं इस्पितळ गाठेपर्यंत आईचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द थांबले होते. तपासणीनंतर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"मेंदूत रक्तस्राव झालाय. त्रास कधी सुरू झाला?"

'आत्ताच' हा शब्द पोनियाच्या अगदी ओठांवर आला होता. लाजेनं तिचे कान तापले.

"साडेआठला. मी तासभर पाठ घासत बसले."

बाई रागावल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"या वयात शस्त्रक्रिया झेपायची नाही. रक्तदाब उतरवतोय. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही."

पोनिया खाटेशी बसली. नाणं अजून मुठीतच होतं. तिनं त्याची कड आईच्या डाव्या तळव्यावरून हळूच ओढली.

"ओरड ना आई. कातडं सोललं म्हण. मी गप्प बस म्हणणार नाही."

हात तसाच पडून होता. तिनं पुन्हा नाणं ओढलं, या वेळी जरा जोरात.