पायलला उलटं का दिसलं?

विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात प्राध्यापक उदयसिंह यांच्या खोलीबाहेर एक बाकडं होतं. वनस्पतिशास्त्रात संशोधन करणारे त्यांचे विद्यार्थी त्यावर तासन्‌तास बसलेले असत. सर बोलावतील तेव्हा आत जायचं, सांगतील ते लिहून घ्यायचं आणि निमूट बाहेर यायचं. अशी बाकडी आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील!

कडेगावची पायल मात्र अलीकडे बाकड्यावर बसायची आणि आत न जाताच परत फिरायची. समोरच्या खोलीत बसणाऱ्या दीपमाला मॅडमना याचं कोडं पडलं. पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवर एवढा जीव लावून काम करणारी मुलगी, हिला झालंय तरी काय? एका दुपारी त्यांनी तिला आत बोलावलं, चहा पुढे ठेवला.

"काय अडलंय गं?"

"मॅडम, मी हे सोडणार हाय. गावात बियाण्याच्या दुकानात काम मिळतंय."

"एकदम असं का?"

"सर म्हणतात, रोपं दाट लावली की पानांवर ठिपक्यांचा रोग वाढतो. त्यांचा लेखही छापून आलाय. पण मला उलटंच दिसतंय. दाट रान स्वच्छ, अन् विरळ रानात ठिपकेच ठिपके! सरांना सांगायला गेले, तर म्हणाले, तुला नीट बघता येत नाही. मी परत जाऊन बघितलं. तसंच हाय. आता खोटे आकडे लिहायचे, न्हाईतर सोडायचं. खोटं मला जमायचं न्हाई."

दीपमाला मॅडम तडक उदयसिंहांकडे गेल्या.

"सर, पायल काम सोडून चाललीय."

"मनच नाही तिचं कामात. आम्ही आमच्या गाइडपुढं ब्र काढत नव्हतो. तसेच शिकलो ना?"

"गप्प बसायला शिकलो, सर! गाइडला घाबरणारा विद्यार्थी त्यांना आवडेल तेच आणून दाखवतो. त्याला संशोधन कसं म्हणायचं? ही मुलगी खोटं लिहीत नाही, म्हणून चाललीय. आणि खरं सांगा, विरळ रानात रोग का आला असेल, हे जाणून घ्यावंसं तुम्हाला वाटत नाही?"

उदयसिंह चिडले. 'माझे विद्यार्थी माझे मी बघतो,' असं म्हणून त्यांनी विषय तोडला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. विरळ रानात रोग? कसा काय? दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाहेर बाकड्यापाशी आले.

"पायल, मला ते रान बघायचंय. मॅडमनाही घे बरोबर."

पाचगणीला दोन्ही रानं शेजारीशेजारी होती. उदयसिंह गुडघ्यावर बसून पानं बघू लागले. पायल म्हणाली होती, तसंच होतं!

"काय कारण असेल?" त्यांनी विचारलं आणि आज उत्तराची वाट बघत थांबले.

"एक वाटतंय, सर. चुकीचं असंल."

"असू दे. बोल तू."

"या विरळ रानात तुषार सिंचन हाय. पाणी पानांवर उडतं. दाट रानात ठिबक, तिथं पानं कोरडी राहतात. रोग शिंतोड्यांबरोबर पसरत असंल."

उदयसिंहांनी हातातलं पान उलटसुलट करून पाहिलं. "अरे! मी बघितलेली सगळी रानं तुषारवरचीच होती. हे माझ्या लक्षातच आलं नाही!"

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"माझं अपुरं होतं, पायल. तुझं ऐकूनही घेतलं नाही मी. पण हे अजून सिद्ध व्हायचंय. कसं तपासशील?"

परतताना पसरणीचा घाट उतरेपर्यंत पायल बोलत होती. सर मधूनमधून शंका काढत होते आणि ती हिरिरीनं उत्तरं देत होती. दुकानाचं नाव तिनं परत काढलं नाही.

पुढे सरांनी एक पायंडा पाडला. दर शनिवारी सगळी मुलं प्रयोगशाळेत गोल बसत आणि काय फसलं ते मोकळेपणानं सांगत. सुरुवात सर स्वतःपासून करत.

पायलनं दाट आणि विरळ, दोन्ही रानांत दोन्ही प्रकारे पाणी देऊन तपासलं आणि तिचं म्हणणं खरं ठरलं. वर्षभरानं साताऱ्याच्या परिषदेत उदयसिंह उभे राहिले. "या रोगाबद्दल मी जे सांगत आलो, ते अपुरं होतं. खरं कारण माझ्या विद्यार्थिनीनं शोधलंय. तीच सांगेल."

मागे बसलेल्या पायलच्या आईनं, जाईबाईंनी, दीपमाला मॅडमना हळूच विचारलं, "आवं, सरांचं चुकलं, हे सरच सांगत्यात व्हय?"

"व्हय, जाईबाई. म्हणूनच तर आज आनंद वाटतोय!"

वाचकहो, 'सर, मला वेगळं दिसतंय' असं ज्यांच्यासमोर निर्भयपणे म्हणता येतं, तेच खरे मार्गदर्शक! आपल्या हाताखाली कुणी शिकत असेल आणि ते अचानक गप्प झालं असेल, तर रागावण्याआधी जवळ बसून एवढंच विचारू या, "तुला काय दिसलं?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकू या.